आज पुढे मी

वारबेर्ग, २६ जून. रात्रीचे पावणेअकरा.

खिडकीशी बसून लिहितेय आणि दिवा लावावा लागलेला नाही. सूर्य सव्वादहाच्या सुमारास समुद्रात गेला, उजेड मात्र मागे राहिलाय. हे केव्हाच झोपले. माझे ओठ वाऱ्यानं फुटलेत, मांड्या ठणकताहेत आणि झोप येत नाहीये. म्हणून आजचं आजच लिहून टाकते.

हेल्सिंगबोर्गहून निघालो त्याला आज पाच दिवस झाले. कात्तेगात्तलेदेन म्हणजे तिथून स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यानं थेट योतेबोरीपर्यंत जाणारा सायकलमार्ग. योतेबोरी म्हणजे आपण गोथेनबर्ग म्हणतो ते, लेक राहते ते गाव. एकूण ३९० किलोमीटर, २०१५ साली सुरू झालेला. बराचसा मोटारींपासून वेगळा आणि जिथे वेगळा नाही तिथे शेतांमधून जाणारा, दहा-पंधरा मिनिटांत एखादी गाडी दिसेल असा रस्ता. लाल पाटीवर पांढरा १ चा आकडा शोधत जायचं, बस्स. नकाशा पहिल्या दिवशी काढला तेवढाच.

हा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेला करावा असं सगळे सांगतात, कारण इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा, म्हणजे पाठीवर घ्यायला मिळणारा. चार दिवस मिळालाही. आज सकाळी फाल्केनबेर्गच्या जुन्या दगडी पुलावर उभे राहिलो तर तो फिरलेला. वायव्येचा. एत्रान नदीत कमरेएवढ्या पाण्यात दोघे-तिघे गळ टाकून सामन माशाची वाट बघत उभे होते आणि त्यांच्या दोऱ्या वाऱ्यानं कमानीसारख्या वाकल्या होत्या. पूल १७६१ सालचा, नाव तुलब्रून. तुल म्हणजे जकात. आपल्याकडच्या जकात नाक्यासारखाच, हे कळल्यावर ह्यांना फार आनंद झाला. कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "घे, पुण्यात आलो."

इथे हवामानाच्या बातम्यांत वारा ताशी किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, सेकंदाला किती मीटर ते सांगतात. आजचा आकडा ९ होता. ऐकायला लहान वाटतो, पण तो होतो ताशी ३२ किलोमीटर आणि तोही समोरून. मला विशेष काही वाटलं नाही. वारबेर्ग फक्त चाळीसेक किलोमीटरवर होतं.

गाव संपलं, झाडं संपली आणि मग कळलं. चढ असला की निदान डोळ्यांना दिसतो आणि माथा आला की संपतो. वाऱ्याला माथा नसतो. सपाट रस्त्यावर आम्ही चढाचे गिअर लावून ताशी दहाच्या वेगानं जात होतो. पॅनियर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या सामानाच्या पिशव्या, वाऱ्याला धरायला दिलेले कानच झाल्या होत्या.

हे नेहमीसारखे पुढे. लग्न झालं तेव्हापासून हे असंच आहे. १९९३ साली आमच्याकडे दोन सायकली होत्या. सकाळी कर्वे रस्त्यानं आम्ही कामाला जायचो तेव्हा हे म्हणायचे, "मी पुढे खड्डे बघतो, तू माझ्या चाकामागे ये." मी बत्तीस वर्षं त्यांच्या चाकामागे आले. मला ते आवडायचं, हेही इथे लिहून ठेवते. त्यांची पाठ बघत जाण्यात एक निवांतपणा होता.

दोन वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. त्या दिवसापासून मी त्यांची पाठ वेगळ्या डोळ्यांनी बघते. डॉक्टरांनी या सहलीला हो म्हटलं ते एका अटीवर: नाडी १२०च्या वर फार वेळ ठेवायची नाही. घड्याळावर आकडा दिसतो. ग्लोमेन नावाचं मासेमारीचं गाव यायच्या आधी, एका उघड्या वळणावर, मी शेजारी जाऊन त्यांचं मनगट पाहिलं. १३४.

"अहो, थांबा."

"काही नाही गं, बंदरात थांबू."

"थांबा म्हणते ना."

थांबलो. हे हँडलवर ओणवे झाले आणि मला म्हणाले, "मी मागे राहिलो तर तुला सगळा वारा लागेल." बत्तीस वर्षांचा हिशेब त्या एका वाक्यात होता. मी म्हटलं, "लागू दे."

मग पुढे मी. मागे कसं राहायचं हेही मीच त्यांना सांगितलं. मागे राहण्यातली जाणकार मीच होते. समुद्र डावीकडे, वारा डाव्या खांद्यावरून येणारा. म्हणून मागच्यानं अगदी सरळ रेषेत राहायचं नाही, जरासं उजवीकडे, जमिनीच्या बाजूला राहायचं. चाकाला चाक लागेल इतकं जवळ नाही, पण तीन-चार फुटांपेक्षा लांबही नाही. लांब गेलं की आडोसा सुटतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि समोरून वारा असला की आपण सावकाश गेलो तरी वाऱ्याचा वेग आपल्या वेगात मिळवायचाच असतो. म्हणून अशा दिवशी रस्त्यावर आपण दहानं गेलो तरी मागच्याची बरीच मेहनत वाचते.

पुढे असताना मागचं दिसत नाही. सारखं वळून पाहिलं तर हँडल वळतं. पाच-दहा मिनिटं मी कासावीस होते. मग एक आवाज ऐकू आला: टिक टिक टिक. फ्रीव्हीलचा. पॅडल मारायचं थांबवलं की चाक तसं वाजतं. म्हणजे हे माझ्या आडोशाला आहेत, पाय न मारताही क्षणभर पुढे येताहेत, दम खाताहेत. वारा मागचा आवाज मागेच उडवून नेत होता, त्यामुळे टिकटिक ऐकू येतेय याचा अर्थ हे जवळ आहेत. थांबली, तर एकतर हे पॅडल मारताहेत नाहीतर मागे पडलेत. मग मी वेग जरा सोडायची आणि कान लावून बसायची. टिक टिक. चला.

माझ्या चाकाचा हाच आवाज ह्यांनी इतकी वर्षं ऐकला असणार. दुपारी विचारलं तर म्हणाले, "मग? त्याच्यावरच तर जायचो मी. मागे वळून पाहिलंय का कधी?" मला वाटायचं, मी मागे आहे की नाही याचा ह्यांना पत्ताच नसतो.

मोरुप्स तोंगेला तासभर बसलो. समुद्रात घुसलेली चपटी गवताळ जीभ, टोकाला १८४३ सालचा दीपस्तंभ आणि चहूकडे चरणाऱ्या गाई. गाईंमुळे गवत आखूड राहतं आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना मोकळी जागा मिळते, म्हणून पक्ष्यांच्या या राखीव जागेत गुरं मुद्दाम चारतात. तुरेवाल्या टिटव्या होत्या. लांब केशरी-लाल चोचीचा काळापांढरा ऑयस्टरकॅचर होता. हर्णैच्या वाळूवर तो मी एका जानेवारीत पाहिलाय. तिथे तो गप्प असतो. इथे पिलं असल्यामुळे आमच्या डोक्यावरून ओरडत फेऱ्या मारत होता. आम्ही लगेच सरकून दीपस्तंभाच्या भिंतीआड गेलो. दिवसभरात वारा नसलेली पहिली जागा. राय नावाच्या धान्याच्या कडक, पापडासारख्या पावावर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्ली. यापेक्षा चांगलं जेवण या सहलीत झालेलं नाही. नाडी ८२.

पुढे एका घराच्या फाटकाशी नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरी मांडून ठेवल्या होत्या, राखायला कोणी नाही. पैसे मोबाइलवरून स्विशनं द्यायचे. ते इथल्या बँकेत खातं असणाऱ्यांनाच जमतं. आम्ही फाटक उघडून दार वाजवलं. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा आले. शंभर क्रोनरची नोट त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, मग आमच्याकडे आणि झुकलेल्या झाडांकडे पाहून बोटानं दक्षिण दाखवली. म्हणाले, "तिकडे जा. मेदविंद." मेदविंद म्हणजे पाठीवरचा वारा, सोबत येणारा. मी मान हलवून उत्तर दाखवली. त्यांनी आणखी मूठभर स्ट्रॉबेरी द्रोणात टाकल्या.

गाल्ताबेक, त्रेसलोव्सलेगे ही बंदरं लवकर मागे पडली. तोवर मी फक्त पुढचे वीस मीटर बघत होते.

आपेल्विकेनचा उपसागर आला तेव्हा मात्र उतरले. पाण्यावर शिडाच्या फळ्यांची ही गर्दी. आम्ही सकाळपासून ज्याच्याशी झगडत होतो त्याच्यासाठीच ही पोरं इथे आली होती. आणि किनाऱ्याला समुद्राकडे तोंड केलेल्या जुन्या लांबलचक इमारती. आज तिथे हॉटेल आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते हाडांचा आणि गाठींचा क्षय झालेल्या मुलांचं इस्पितळ होतं. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. ऊन, खारा वारा आणि सकस अन्न, हाच इलाज. मुलांच्या खाटा बाहेर काढून ठेवायचे.

माझी आत्या लहानपणी मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये दीड वर्ष होती. ती सांगायची, व्हरांडा उघडा, पांघरूण नाकापर्यंत आणि रात्रभर वारा. तिला वाऱ्याची चीड होती. मोठेपणी कधी खिडकीशी झोपली नाही. पण बरी होऊन आली, ब्याऐंशी वर्षं जगली. मी त्या इमारतींसमोर उभी राहून तिला मनात म्हटलं, आत्या, तोच वारा गं. ह्यांनी काही विचारलं नाही. बाटलीतलं पाणी पुढे केलं.

तिथून वारबेर्गच्या किल्ल्यापर्यंतची वाट खडकांच्या कडेनं जाते. किल्ल्यातल्या संग्रहालयात बोक्स्तेनचा माणूस आहे. १९३६ साली दलदलीत सापडलेला, चौदाव्या शतकातला, अंगावरचे सगळे कपडे टिकून राहिलेला. तो आता उद्या. आज पोचायलाच इतका उशीर झाला की दार बंद होतं.

पण किल्ल्यापलीकडे पाण्यात खांबांवर उभं असलेलं लाकडी स्नानगृह अजून तासभर उघडं होतं. १९०३ सालचं, घुमटांचं. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी. आणि पाण्यात उतरायचं ते कपड्यांशिवाय, अशी इथली रीत. गार पाण्यात एकदम उतरायला ह्यांना डॉक्टरांची मनाई आहे. मीही नको म्हणत होते. हे म्हणाले, "जा तू. दिवसभर वारा खाल्लायस. मी सायकली बघतो."

गेले. आत माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या बायका होत्या. शस्त्रक्रियेचे व्रण, सुटलेली पोटं, वाकलेल्या पाठी आणि कुणाचंच कुणाकडे लक्ष नाही. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा मी उघड्या आकाशाखाली अशी उभी होते. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर श्वास अडकला, चौथ्या पायरीवर हात सोडले.

वारा पडला होता. खरंच पडला होता, पाणी तेलासारखं. दिवसभर कानात घोंघावत होतं ते सगळं थांबलं आणि त्या शांततेत मी सवयीनं टिकटिक शोधायला लागले. नव्हती. एकदम पोटात खड्डा पडला.

तेवढ्यात किनाऱ्याकडून सायकलची घंटी वाजली. थांबून पुन्हा, दोनदा. फळ्यांच्या भिंतीपलीकडे काही दिसत नव्हतं. मी तोंड पाण्याबाहेर काढून जोरात ओरडले, "आले हो!"

शिडीवरच्या आजी माझ्याकडे बघून हसल्या. घंटी आणखी एकदा वाजली.