कांदा-सोयाबीनचे प्रश्न घेऊन दिल्लीला: अभ्यासदौऱ्याचा माझा अनुभव

शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना घेऊन धोरण समजून घ्यायला दिल्लीला जायचं, तर तिकिटांच्या आधी एक कागद तयार हवा: कोणता निर्णय कोणत्या खात्यात होतो. नाशिककडच्या आमच्या गटाने दौऱ्याची आखणी या कागदावरून केली.

कांद्याचंच बघा. निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय काढतं. डिसेंबर 2023 ची बंदी तिथूनच आली. निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाचा महसूल विभाग लावतो: ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के, सप्टेंबर 2024 मध्ये 20, आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य. बफर साठ्यासाठी, म्हणजे भाव चढल्यावर बाजारात सोडायच्या सरकारी साठ्यासाठी, नाफेड आणि एनसीसीएफ या दोन सहकारी संस्था जी खरेदी करतात, ती ग्राहक व्यवहार विभागाच्या भाव स्थिरीकरण निधीतून. म्हणजे कृषी मंत्रालयात शुल्काबद्दल कितीही पोटतिडकीने बोललं तरी समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात ते नसतं. तिथे बाजार हस्तक्षेप योजनेबद्दल (हमीभाव नसलेल्या नाशवंत मालाचे भाव कोसळले की करायच्या खरेदीबद्दल) विचारावं, आणि राज्याने प्रस्ताव कधी व कसा पाठवायचा ते समजून घ्यावं.

प्रश्नही नेमका लागतो. ‘कांद्याला भाव द्या’ हे निवेदन झालं. त्यावर ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘बफरच्या खरेदीत किमान किती मिलिमीटरचा कांदा घेता, रोजचा दर कोण ठरवतं, पैसे किती दिवसांत खात्यावर येतात?’ असं विचारलं की अधिकारी फाईल उघडतात.

हमीभाव सुचवणाऱ्या कृषी खर्च व मूल्य आयोगाकडे मात्र कांदा घेऊन जाऊन उपयोग नाही. हमीभावाच्या 22 पिकांत तो नाहीच. तिथे आम्ही सोयाबीन, मका, तूर यांचे खर्चाचे तक्ते नेले. बहुतेक गट अडकतात ते इथेच. शेतकऱ्याचा खर्च जास्त, आयोगाचा आकडा कमी, आणि सगळी बैठक या वादात जाते. कारण साधं आहे. हमीभावासाठी खर्चाची दीडपट ‘ए2 अधिक एफएल’वर, म्हणजे रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी यांवर काढतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज ‘सी2’ मध्ये येतं. शिवाय आयोगासमोर सगळ्या राज्यांची सरासरी असते. म्हणून आधी तक्त्यात ए2, एफएल आणि सी2 असे तीन रकाने पाडावेत, एकरी आकडे 2.47 ने गुणून हेक्टरी करावेत आणि शेवटी क्विंटलमागे खर्च काढावा. आपल्या राज्याची माहिती राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या पीकखर्च नोंदवणाऱ्या योजनेतूनही जाते, तेव्हा दिल्लीच्या आधी राहुरीला जाऊन यावं असं माझं ठाम मत आहे. आणि आयोग फक्त शिफारस करतो. मंजुरी आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समितीची. खरिपाचे भाव साधारण जूनमध्ये जाहीर होत असले, तरी शिफारस काही महिने आधीच गेलेली असते. मे महिन्यात जाऊन त्या हंगामापुरतं काही हलत नाही.

तारखा जपून निवडा. अधिवेशन चालू असताना अधिकारी संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गुंतलेले असतात, अर्थसंकल्पाच्या तोंडावर अर्थ मंत्रालयात भेट जवळपास मिळतच नाही. एका खोलीत पाच-सहाजणच नीट बोलू शकतात, त्यामुळे गटाचे भाग करून वेगवेगळ्या खात्यांत पाठवा. कार्यालयाच्या प्रवेश पाससाठी आधारवर आहे तसंच नाव यादीत हवं. ‘बापू’, ‘आण्णा’ लिहिलेली माणसं फाटकावर अडकतात. काही कार्यालयं नव्या कर्तव्य भवनांत हलत आहेत, तेव्हा पत्ता आदल्या दिवशी फोनवर पक्का करा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात.

दिल्लीच्या आझादपूर मंडीत पहाटेच जावं. आपला कांदा राजस्थानातल्या अलवरच्या कांद्याशेजारी कसा विकला जातो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

परतल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक अधिकाऱ्याला एक पानी पत्र पाठवावं: काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, कोणती माहिती द्यायचं ठरलं. सोबत खर्चाचा तक्ता जोडावा आणि प्रत आपल्या खासदारांना द्यावी, म्हणजे पुढच्या अधिवेशनात त्यांना त्यावर प्रश्न टाकता येतो.