तुमच्या मेडिकलमध्ये ‘ती’ गोळी का नसते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. आरोग्यावर काम करणाऱ्या ताई विचारतात, समोरच्या डॉक्टरीणबाई विचारतात, मोटारसायकल लांब लावून हेल्मेटसकट आत शिरणारी पोरं विचारतात. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा 1971चा, चिठ्ठी डॉक्टरची, मग गर्भपाताची गोळी तुमच्याकडे का नाही? काउंटरवर मी ‘शॉर्ट आहे’ म्हणतो. ते खरं नाही. मी ती मागवतच नाही.

एका पाकिटात पाच गोळ्या. एक मिफेप्रिस्टोन, चार मिसोप्रोस्टॉल. त्यात सुटतात किरकोळ पैसे आणि सांभाळायचं काय, तर बिल, बॅच नंबर, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर, वर चिठ्ठीची झेरॉक्स. 2012 साली बीडकडचं परळीचं प्रकरण झालं, मुलगी असली तर गर्भ पाडणाऱ्या डॉक्टर दांपत्याचं, आणि आमच्या दुकानांच्या तपासण्या सुरू झाल्या. माझ्याकडे आलेल्या साहेबांनी अख्ख्या दुकानात फक्त तोच ड्रॉवर उघडला. एका चिठ्ठीवरची सही नीट लागत नव्हती, तेवढ्यावरून लायसन्सची भाषा झाली. उरलेला माल मी होलसेलरला परत केला. मनाई कुठल्याच कागदावर नव्हती. तिची गरजच पडली नाही.

आणि तेव्हा मला ते पटलंही होतं. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण 2001ला हजार मुलग्यांमागे 913 होतं, 2011ला 894 झालं. केमिस्टांच्या बैठकीत मी उठून म्हणालो, मुलींसाठी एवढा धंदा सोडायला काय हरकत आहे? टाळ्या पडल्या. आज त्या माणसाला विचारावंसं वाटतं, अरे, ही गोळी नऊ आठवड्यांपर्यंतची. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते दिसायला बारा-तेरा आठवडे तरी जातात. मग गोळी बंद करून कुठली मुलगी वाचली? तोही गप्प बसत नाही. म्हणतो, तपासून आल्यावर चौथ्या महिन्यात हीच पाकिटं नेणारे तू पाहिले नाहीस? पाहिलेत. चिठ्ठीवर आठवडे कमी लिहिलेले असायचे. मी म्हणतो, 2017मध्ये सांगलीकडे म्हैसाळला 19 भ्रूण पुरलेले सापडले, तोवर माझ्या ओळखीतली दुकानं कधीच रिकामी झाली होती. ज्याला करायचंय त्याला माल मिळतो. ज्या बाईला खरंच हवाय, तिला मिळत नाही.

त्या बाईचं सांगतो. कोविडच्या आदल्या पावसाळ्यात आली होती. थोरली मुलगी शाळेत, धाकटा मुलगा कडेवर, म्हणजे मुलगा-मुलगीचा प्रश्नच नव्हता. चिठ्ठी चोख. शिक्का, तारीख, सहा आठवडे.

“दादा, ह्यातलं हाय का?”

“नाही.”

“कधी येईल?”

“येणार नाही.”

“मग कुठं मिळंल?”

मी जिल्ह्याच्या गावाचं नाव सांगितलं. दुकानाचं सांगितलं नाही, मलाच माहीत नव्हतं. ती उभीच राहिली. मागे गिऱ्हाईकं होती. मी तिच्या खांद्यावरून पुढच्याची चिठ्ठी घेतली.

दिवाळीच्या सुमारास परत आली. या वेळी चिठ्ठीवर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. मी काही विचारलं नसतं, तीच बोलली. जिल्ह्याला दुकानदार नाही म्हणाले. मग मोठ्या दवाखान्यात गेली, तर नवऱ्याची सही आणा म्हणाले. नवरा ट्रक घेऊन गुजरातकडे. “त्यो येईस्तवर सासूला कळलं,” म्हणाली. अठरा वर्षांपुढच्या बाईला फक्त स्वतःची संमती पुरते, हे मी पुढे कधीतरी वाचलं. केसपेपर काढणाऱ्यांना ते आधीपासून ठाऊक असायला हवं होतं. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ नका, मी तिला सांगितलं. पैसे कमी करू का, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिने नोट पुढे केली आणि सुटे मोजून घेतले.

मग ठेवा की आता, असं तुम्ही म्हणाल. 2021ला कायदा सुधारला, 2022ला सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मुलींनाही 24 आठवड्यांपर्यंत तोच हक्क दिला. माझ्या ड्रॉवरबद्दल कुणीच काही बोललं नाही. शिवाय ती हेल्मेटवाली पोरं आहेतच, चिठ्ठीशिवाय येणारी. गर्भ नळीत असला तर गोळीने काही होत नाही आणि नळी फुटली तर बाईच्या जिवावर बेततं. मला काउंटरवरून ते कसं कळणार? एका अंदाजानुसार 2015मध्ये देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. म्हणजे कुणीतरी विकतोच आहे. तो मी नाही, याचा मला पूर्वी अभिमान वाटायचा.

मुलगा यंदा बी.फार्म. झाला. म्हणतो, डॉक्टरीणबाईंशी बोलून चार पाकिटं मागवू, फक्त त्यांच्या चिठ्ठीवर देऊ. मी म्हटलं, लायसन्स तुझ्या नावावर होऊ दे, मग मागव काय मागवायचं ते. त्यावर तो जे बोलला, ते इथे लिहीत नाही.