चाळिसातला पस्तिसावा

परवा दुपारी सहज वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम उघडला आणि रेड फाइंडरच्या रांगेत नाव टाकलं. रेड म्हणजे मोठ्या टोळीने मिळून करायची मोहीम, आणि फाइंडर तिच्यासाठी साथीदार जुळवून देतो. थोड्या वेळाने खेळानेच कुठून कुठून चोवीस माणसं आणून माझ्या शेजारी उभी केली. बॉस, म्हणजे मोहिमेतला बलाढ्य शत्रू, पडला, लूट वाटली गेली, आणि मी 'थँक्स' टाइप करेपर्यंत निम्मी मंडळी पसारही झाली होती. कुणी कुणाशी चकार शब्द बोललं नाही.

२००५ साली मोल्टन कोअर या रेडला जायचं तर चाळीस जण लागत, आणि ते हाताने गोळा करावे लागत. एकाचं नेट गेलेलं, दुसरा जेवायला बसलेला, तिसऱ्याला गुहेचं तोंडच सापडत नाहीये. मेज, म्हणजे जादूगार झालेले लोक, सगळ्यांसाठी पाणी बनवत उभे. त्या ताटकळण्यातच निम्म्या ओळखी झाल्या. तिथला एक बॉस, बॅरन गेडॉन, एखाद्याच्या अंगावर बॉम्ब लावायचा. ज्याला लागला त्याने तो फुटायच्या आत गर्दीपासून लांब पळायचं, एवढंच काम. आमच्यातला एक पठ्ठ्या न चुकता हीलरांच्या, म्हणजे इतरांच्या जखमा भरणाऱ्यांच्या, घोळक्यात धावत यायचा. घाबरलं की माणूस माणसांकडेच पळतो, त्याला काय करणार!

मी हीलर होतो, आणि खरं सांगू, मला चाळिसाची गर्दी आवडायची ती लपायला मिळायचं म्हणून. पाच-सात जण पेंगत असले तरी बॉस मरायचा. पुढे २००७ मध्ये मोठी रेड पंचविसांवर आली, काराझान नावाची रेड तर दहा जणांचीच. २०१४ पासून सगळ्यात अवघड मिथिक रेडला मोजून वीस. आता प्रत्येक फटक्याची नोंद राहते. कोण कितव्या सेकंदाला चुकीच्या जागी उभा होता, तेही दुसऱ्या दिवशी काढून दाखवतात. खेळ अधिक चांगला झालाय, यात वाद नाही. जुन्या मोल्टन कोअरमधले बॉस आजच्या मानाने अगदीच बाळबोध. २०१९ मध्ये तीच रेड क्लासिकमध्ये, म्हणजे खेळाच्या पुन्हा आणलेल्या जुन्या रूपात, परत आली, तर पहिल्याच आठवड्यात लोकांनी तिथल्या शेवटच्या बॉसला, रॅग्नरोसला, लोळवलं. पहिल्या वेळी त्याला महिने लागले होते.

रेड फाइंडरमध्ये आजही खुशाल लपता येतं. पण शोधणारंच कुणी नसेल तर लपण्यात कसली मजा? आमचा रेड लीडर शोधायचा. 'पस्तीस नंबर, जागा आहेस का?' पस्तीस म्हणजे मी. लूटवरून भांडण झालं की डीकेपीचा, म्हणजे रेडला येऊन कमवायच्या आणि लूट घेताना खर्चायच्या गुणांचा, हिशेब त्याच्याकडे, रुसलेल्याची समजूत त्यानेच काढायची, मध्यरात्री वाइप झाल्यावर, म्हणजे सगळी टोळी मेल्यावर, 'अजून एकदा' हेही त्यानेच म्हणायचं. आवाजावरून पोरगाच वाटायचा, कॉलेजातला असावा. सकाळी त्याला कुठे जायचं असतं, हे आम्हा एकोणचाळिसांपैकी एकानेही कधी विचारलं नाही.