हीटर प्लग बदलण्याआधी पट्टीवर मीटर लावा

निफाडकडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटू लागल्या, की नाशिकच्या गॅरेजांत जुन्या डिझेल गाड्यांची ठरलेली तक्रार येते: सेल्फ फिरतो, पण गाडी उचलत नाही. मग थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून सिलिंडर तापवणारे हीटर प्लग, म्हणजे ग्लो प्लग, चारही बदलले जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण करंटच प्लगपर्यंत पोचत नसतो.

सकाळी पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर, अर्धा मिनिट थडथड आणि मग इंजिन सुतासारखं सरळ, हे लक्षण प्लगचं. दुपारी गरम गाडीही लांब सेल्फ घेत असेल तर डिझेल लाइनमधली हवा किंवा कॉम्प्रेशन बघा. डॅशबोर्डवरच्या कॉइलच्या दिव्याचं मात्र काही खरं नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नुसत्या टायमरवर चालतो. चारही प्लग मेलेले असले तरी ऐटीत लागतो आणि विझतो.

इंजिन थंड असताना मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक प्लग जोडणाऱ्या पट्टीवर, काळं इंजिनाच्या उघड्या धातूवर. चावी ऑन केल्यावर 11 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. शून्य आले तर मोठा फ्यूज नाहीतर रिले, म्हणजे प्लगला करंट सोडणारा स्विच, गेलाय. 8-9 वरच अडलं तर त्याच वेळी बॅटरीवर मोजा. तिथे 11-12 असतील तर रिलेचे पॉइंट जळालेत किंवा वायरचं टोक गंजलंय.

आता पट्टी काढा. ती न काढता ओहम मोजले तर चारही प्लग एकत्र मोजले जातात आणि मेलेला लपतो. चांगला प्लग साधारण 0.5 ते 1.5 ओहम दाखवतो. मीटरच्या वायरींचे 0.2-0.3 आधी वजा करा. काहीच रीडिंग नाही, तर तो गेला.

प्लग कोमट इंजिनावरच खोला, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून. पाना फिरतोय पण प्लग रबरासारखा पिळतोय असं हाताला जाणवलं की थांबा, पुन्हा तेल, थोडं मागे-पुढे. जोर केला आणि टोक आत तुटलं तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते, म्हणजे पाचशेच्या कामाला हजारो.

काढलेल्या प्लगचं टोक वितळलेलं दिसलं तर त्या सिलिंडरचा डिझेल फवारणारा नोझल टपकतोय का ते तपासा, नाहीतर नवाही जाईल. नवा घेताना प्लगवर छापलेलं व्होल्टेज जुळवा. कमी व्होल्टचा प्लग थेट 12 व्होल्ट बॅटरीवर लावून बघितला तर तिथेच जळतो. आट्या 10 मिमीच्या असतील तर 15 न्यूटन मीटरच्या आसपास पुरे, वरचा छोटा नट त्याहून कितीतरी हलका.

सगळं बसवून गाडी चालू केल्यावर पट्टीवर पुन्हा मीटर लावा. काही गाड्यांत थोडा वेळ करंट चालू राहतो, ते ठीक. पाच-दहा मिनिटांनंतरही 13-14 व्होल्ट दिसत असतील तर रिले चिकटलाय. इंजिन बंद करा आणि तो आधी बदला.