रजिस्टर हललेली मेरिलिन

माझं लहानपण शाईच्या आणि रॉकेलच्या वासात गेलं. इचलकरंजीत आमच्या अण्णांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं, दुकान म्हणजे काय तर घराच्या पुढची खोली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, मंडळाच्या पावत्या, साडीवाल्यांच्या पिशव्या, जे येईल ते. लाकडी चौकटीला ताणून बसवलेलं कापड, त्यावर लेप मारून वर डिझाईन ठेवून उन्हात धरायचं आणि मग पाण्यानं धुवायचं, जिथं डिझाईन तिथली भोकं मोकळी होतात, मग वरून शाई टाकून रबराची पट्टी एका दमात ओढायची. प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी. दोन रंग एकमेकांवर नीट नाही बसले, म्हणजे गणपतीच्या शेल्याचा लाल त्याच्या पोटावर आला, की अण्णा एवढंच म्हणायचे, 'रजिस्टर हललं', आणि तो गठ्ठा वेस्टेजमधे. आमच्या गणिताच्या रफ वह्या म्हणजे ह्याच वाया गेलेल्या पत्रिकांच्या पाठी. एका बाजूला माझी वर्गसमीकरणं, पान उलटलं की तोच गणपती, परत उलटलं की परत तोच, कुठं सोंड फिकी कुठं डोळा भरलेला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी ताईकडे न्यू जर्सीला गेले होते तेव्हा दाजींनी एक दिवस न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममधे नेऊन सोडलं (ते स्वतः खाली कॉफी पीत बसले, हुशार माणूस), आणि तिथं अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल समोर आला.

आधी ते सूपचे डबे. कॅम्पबेल कंपनीचे, 32 कॅनव्हास, कारण तेव्हा कंपनीचे सूपचे प्रकारच 32 होते. 1962 चं काम. मी लांबूनच ठरवून टाकलं की हे तर छापलंय, सोप्पंय. जवळ गेले तर कळलं हे हातानं रंगवलेलं आहे! फक्त डब्याच्या खालच्या बाजूला फुलांची जी नक्षी आहे ती ठसा मारून केलीये आणि ती जरा वरखाली झालीये. म्हणजे बघा, माणूस हातानं काम करतोय आणि जीव तोडून मशीनसारखं दिसायला बघतोय. लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत हे पहिल्यांदा लावले तेव्हा शेजारच्या एका गॅलरीनं चिडवायला म्हणून खरे डबे रचून ठेवले होते. शेवटी गॅलरीवाल्या अर्विंग ब्लमनंच अख्खा सेट 1000 डॉलरला घेतला, तोही महिना 100 च्या हप्त्यानं. हप्त्यानं!! मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

त्याच वर्षी ऑगस्टमधे हॉलीवूडची नटी मेरिलिन मन्रो गेली आणि वॉरहॉलनं तिचा 1953 च्या एका सिनेमाच्या जाहिरातीचा फोटो उचलून त्याची स्क्रीन केली. मोमातली सोनेरी मेरिलिन बघताना मी अक्षरशः अण्णांसारखी मान वाकडी करून उभी होते. आधी ब्रशनं पिवळे केस, गुलाबी चेहरा, लाल ओठ भरून घेतलेत आणि वरून काळ्याची स्क्रीन ओढलीये, आणि ते काही धड बसलेलं नाही. रंग रेषेच्या बाहेर, पापणीवरचा रंग भलतीकडेच. रजिस्टर हललंय सरळसरळ. अण्णांनी हा माल गिऱ्हाइकाला दिलाच नसता.

वॉरहॉलला हे कळत नव्हतं असं समजू नका. हा माणूस 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमधला नावाजलेला जाहिरात चित्रकार होता, बुटांच्या जाहिराती काढायचा, चोख काम कसं असतं ते त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत. पिट्सबर्गमधल्या गरीब घरातला, आईवडील आत्ताच्या स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातून आलेले. लहानपणी ज्या चर्चमधे जायचा तिथं सोनेरी पार्श्वभूमीवर ओळीनं संतांची चित्रं. आपल्याकडे कॅलेंडरवरच्या लक्ष्मीला हार घालतात त्यामुळे ती सोनेरी मेरिलिन मला काही फार अवघड गेली नाही खरं तर.

ब्रिलो बॉक्सबद्दल मात्र माझी तक्रार आहे. भांडी घासायच्या साबणवाल्या चोथ्यांचे खोके असतात ना, तसेच लाकडी खोके करून त्यावर स्क्रीननं छापून 1964 ला गॅलरीत थप्प्या लावल्या. मूळ खोक्याचं डिझाईन जेम्स हार्वी नावाच्या माणसानं केलेलं, तो स्वतः चित्रकार आणि पोटासाठी पॅकेजिंग करायचा. नाव झालं वॉरहॉलचं. आमच्या पत्रिकेवरचा गणपती मुळात कुणी काढला होता हे अण्णांनासुद्धा माहीत नाही, चालतच आलंय ते, पण तरी.

आणि मग सिनेमे. पेंटिंगवाल्या लोकांना हे बहुतेक माहीत नसतं की ह्यानं सिनेमे पण ढिगानं काढलेत. 1963 च्या एका सिनेमात एक कवी झोपलाय, पाच तासांहून जास्त, बस्स. 1964 चा 'एम्पायर' म्हणजे नुसती एम्पायर स्टेट बिल्डिंग, आठ तास पाच मिनिटं, कॅमेरा हलत नाही. शूटिंग नेहमीच्या सेकंदाला 24 फ्रेमच्या स्पीडनं आणि दाखवायचा 16 नं, म्हणून साडेपाच तासांपेक्षा जरा कमी असलेल्या शूटिंगचं आठ तास होतं. मी पूर्ण बघितलेला नाही, खोटं कशाला बोलू, तुकडे बघितले आणि एकदा डुलकी पण लागली. पण त्यात एक गंमत आहे. रीळ बदलल्यावर ज्या खोलीतून शूटिंग चाललं होतं तिथला दिवा विझवायच्या आधीच कॅमेरा चालू झाला, त्यामुळे काचेत वॉरहॉल आणि कॅमेऱ्यावरच्या जोनास मेकसचं प्रतिबिंब क्षणभर येऊन जातं. दुसरा कुणी असता तर कापून टाकलं असतं. रिळाच्या टोकाला फिल्म उजेडानं पांढरी होते, ते पण ठेवलंय. म्हणजे जे वेस्टेज ते सगळं आत, कॅनव्हासवर तेच आणि पडद्यावर पण तेच. शिवाय फिल्मच्या पट्टीवर एकच चित्र हजारो वेळा, जरा जरा फरकानं... माझ्या रफ वह्या!

आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेननी पण मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवले, पुढं सिनेमेही केले, पण त्यांचा हात लांबूनच ओळखू येतो. वॉरहॉलला तो हातच नको होता. त्याच्या चंदेरी कागद लावलेल्या जागेचं नावच 'फॅक्टरी', तिथं पट्टी ओढायला मदतनीस, येईल त्याला कॅमेऱ्यासमोर बसवायचं आणि तीनेक मिनिटांचं रीळ संपेपर्यंत हलू नको म्हणायचं. असे जवळपास पाचशे चेहरे आहेत. काहींच्या डोळ्यांतून पाणी येतं बघता बघता.

परत आल्यावर मी अण्णांना मोबाईलवर त्या दुसऱ्या मेरिलिनचा फोटो दाखवला, लंडनच्या टेट म्युझियममधली, पन्नास चेहऱ्यांची, डावीकडे रंगीत आणि उजवीकडे नुसते काळे, कडेला जाता जाता पुसट होत गेलेले. पुस्तकात असं वाचलं होतं की ते विरत जाणं म्हणजे मृत्यू वगैरे. शिवाय तिच्याच एका चित्राला 2022 साली 19.5 कोटी डॉलर आले हे पण सांगितलं. अण्णांनी आकड्याकडे लक्षच दिलं नाही. चष्मा वर करून, बोटानं मोठं करून करून बघत बसले.

"ही रांग काळी पडलीये ना, हितं शाई जास्त ओतलीय त्यानं. मग पुढं भोकं बुजत गेली. मधे एकदा पुसून घ्यायला पायजे होतं."

मी म्हटलं, अण्णा, मुद्दाम नाही पुसलं त्यानं.

"आसंल," म्हणाले, आणि परत पहिल्या चेहऱ्यापासून एकेक मोजायला लागले.