७२००यू बोर्ड : शॉर्टिंग परत आली, पण चोर वेगळा

मागच्या नोंदीत फुटका कपॅसिटर काढून जिवंत केलेला लॅपटॉपचा मदरबोर्ड (सीपीयू इंटेल आय५-७२००यू) परत झोपला. अ‍ॅडॅप्टर लावला की त्याचा दिवा विझतो, पिन काढली की पुन्हा पेटतो. म्हणजे मेन लाइन, १९ व्होल्टची मुख्य लाइन, ग्राउंडला शॉर्ट. बोर्ड बदलायचा का, हा प्रश्न पुन्हा समोर. पण ही शॉर्टिंग मागच्यासारखी नाही, आणि सगळा निर्णय त्याच फरकावर अडलाय.

कपॅसिटर फुटला होता तेव्हा मेन लाइन ते ग्राउंड जवळजवळ शून्य होतं. आता मीटरच्या लीडचा रेझिस्टन्स वजा जाता २.७ ओम येतंय. सीपीयूच्या कॉइलवर, म्हणजे सीपीयूला वीज देणाऱ्या व्हीकोर लाइनला, ग्राउंडशी मोजलं तर तिथेही २.७. मग एक लीड मेन लाइनवर, दुसरी त्या कॉइलवर : शून्य. म्हणजे मेन लाइन आणि व्हीकोर यांच्यामधला वरचा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आरपार शॉर्ट झालाय. मेन लाइनवर दिसतोय तो खरा शॉर्ट नव्हेच, पलीकडच्या व्हीकोर लाइनचा रेझिस्टन्स आहे. यू सिरीजच्या सीपीयूला व्हीकोरवर काही ओम येणं नॉर्मल; बीप वाजला म्हणून घाबरायचं कारण नाही.

इथेच बरेच चांगले बोर्ड मरतात. नेहमीची रीत अशी की डीसी सप्लाय ५ व्होल्टला लावायचा, करंट खुला सोडायचा आणि काय तापतं ते बोटाने चाचपायचं. या केसमध्ये ते ५ व्होल्ट थेट सीपीयूत जातात, ज्याला एक व्होल्टच्या आसपास लागतो. ०.८ व्होल्टच्या वर जायचंच नाही. तेवढ्यावर करंट ०.३ अँपिअर, उष्णता पाव वॅटसुद्धा नाही. आणि तापलाच तर कोमट होतो तो सीपीयू. मॉसफेट थंडच राहतो, कारण त्याच्यात जवळपास शून्य ओम आहे. त्यामुळे ‘सीपीयू तापतोय, म्हणजे सीपीयू गेला’ हा निकाल इथे चुकीचा. तापणारा भाग शोधणं सोडा, मीटरने तीन जागा मोजा.

(आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, टाकून कुठे आधी सुकतं ते बघायची युक्ती आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तशीही कुचकामी. ४५ अंशांत सगळा बोर्ड एकदमच सुकतो. पहाटे करा, नाहीतर राळेचा थर द्या.)

मॉसफेट काढताना आणखी एक गावठी अडचण. शेतातले पंप सुरू झाले की लाइन १८० व्होल्टपर्यंत उतरते, आणि तेव्हा हॉट एअर गनची ताकद साठ टक्क्यांवर येते. डिस्प्लेवर ४०० दिसतं, पण खालचा ग्राउंडचा जाड तांबा ती उष्णता पिऊन टाकतो आणि सोल्डर हलत नाही. जोर लावला की पॅड उखडलंच. खालून प्रीहीटर, वर भरपूर फ्लक्स, थोडं लो-मेल्ट सोल्डर मिसळलं की ३८० वर अलगद सुटतो. रॅमच्या स्लॉटवर उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप आधीच.

वरचा निघाल्यावर मेन लाइन ८० किलो-ओमच्या पुढे गेली. या एका आकड्यासाठी चहा व्हायलाच हवा. व्हीकोर मात्र २.७ वरच. व्हीकोर आणि ग्राउंडमधला खालचा मॉसफेट काढला तेव्हा ३.९ झाला, म्हणजे तोही गळत होता. बोर्ड चालू असताना नोंदवलेला आकडा ५.६. मेलेला सीपीयू बहुधा एक ओमच्या खाली येतो, ३.९ ना इकडचा ना तिकडचा. ओव्हरव्होल्टेज दिसलं की व्हीकोर सांभाळणारा पीडब्ल्यूएम आयसी खालचा मॉसफेट ऑन करून लाइन ग्राउंडला ओढतो. तो वेळेत लागला असेल तर सीपीयू वाचलाय.

म्हणून बोर्ड घेण्याआधी मॉसफेटची जोडी बदलून बघणं रास्त. ऑनलाइन दहाच्या पट्टीत स्वस्त मिळतात ते बहुतेक री-मार्क, म्हणजे वरचा नंबर बदललेला माल. भंगारातल्या डोनर बोर्डवरचे जुने परवडले. बसवण्याआधी दोन्ही गेट (मॉसफेट चालू-बंद करणारी पिन) ते ग्राउंड मोजा. तिथे काही ओमच आले तर गेट चालवणारा ड्रायव्हरही गेलाय आणि नवी जोडी पहिल्याच स्टार्टला जाते.

पहिला सप्लाय अ‍ॅडॅप्टरने द्यायचा नाही. बॅटरी काढून डीसी सप्लाय १९ व्होल्ट, लिमिट ०.३ अँपिअर. वरचा पुन्हा आरपार असला तरी ०.३ गुणिले ३.९, म्हणजे सीपीयूला १.२ व्होल्टच दिसतील. वायर आधी जोडायची, आउटपुट मग ऑन. उलट केलं तर सप्लायच्या आतला कपॅसिटर एका झटक्यात सगळे १९ ओततो. स्टँडबाय करंट ०.०२ अँपिअरवर स्थिर राहिला तरच लिमिट वाढवून स्विच दाबायचा.

आता बदलायचाच झाला तर हिशेब. त्याच मॉडेलच्या जुन्या बोर्डला साडेपाच हजार सांगताहेत, अख्खा जुना लॅपटॉप बारापर्यंत. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ७२००यू विंडोज ११ च्या यादीत नाही. लिनक्ससाठी ठीक, पण साडेपाच हजार जड वाटतात.

हे लिहिता लिहिताच सुचलं : याच बॉडीत आठव्या जनरेशनचा बोर्डही येतो. ८२५०यू, दोनाऐवजी चार कोअर, तेच १५ वॅट, आणि विंडोज ११ च्या यादीत. किंमत हजारभराने जास्त असेल तर सातव्याला हात लावण्यात अर्थ नाही. मात्र हीटसिंकची भोकं, फॅनचा कनेक्टर, डिस्प्ले केबल ३० पिन की ४०, आणि वेगळं ग्राफिक्स आहे की नाही, याचे फोटो मागवल्याशिवाय पैसे सोडू नका. सीपीयूच्या कडेला फ्लक्सचा चकाकता ओघळ दिसला तर तो गरम करून उठवलेला बोर्ड समजा. आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-लॉक) चालू असेल तर ४८ अंकी की आधी लिहून ठेवा. बोर्डबरोबर लॉकची किल्ली सांभाळणारी टीपीएम चिपही बदलते.

तेव्हा क्रम असा : आधी डोनरचे मॉसफेट. स्टँडबाय स्थिर राहूनही व्हीकोर आला नाही, तर सरळ ८२५०यू. ज्यांच्याकडे चालू ७२००यू बोर्ड उघडा आहे त्यांनी व्हीकोर ते ग्राउंडचं रीडिंग द्या. बॅटरी काढून, काळी लीड ग्राउंडला, मीटर कोणता तेही लिहा.