टेक्सासमध्ये काखेत पिस्तूल: माझा अनुभव

सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल जवळ बाळगायला लायसन्स लागत नाही. मग मी ते का काढलं? शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, राज्याचं लायसन्स असलं की त्यातून सूट मिळते. ह्यूस्टनमध्ये आमच्या घरातून कुठेही निघा, वाटेत शाळा लागतेच. शिवाय हे लायसन्स शेजारच्या राज्यांतही चालतं. अर्थात हे सगळं ग्रीन कार्ड हातात आल्यावर. एच-वन-बीवर असताना बंदुकीचं नाव काढायची सोय नाही. शिकारीच्या परवान्याची पळवाट आहे म्हणतात, पण त्या फंदात कोण पडतो!

अर्ज, ४० डॉलर फी, बोटांचे ठसे, क्लास, लेखी परीक्षा. यात सांगण्यासारखं फारसं नाही. ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडायच्या आणि २५० पैकी १७५ गुण मिळवायचे, एवढंच.

खरा प्रश्न होल्स्टरचा, म्हणजे पिस्तूल अंगावर अडकवायच्या म्यानाचा होता. कमरेचं होल्स्टर गाडीत सीटबेल्टच्या बकलाला अडतं आणि माझी पाठ आधीच दुखरी, म्हणून मला खांद्याचं हवं होतं, पट्टे खांद्यांवर आणि पिस्तूल काखेत. १ जानेवारी २०१६ ला लायसन्सवाल्यांना पिस्तूल उघड बाळगायची मुभा मिळाली, तेव्हा कायद्यात होल्स्टर खांद्याचं किंवा कमरेचंच हवं असं लिहिलं होतं. पुढे २०२१ मध्ये ती अट गेली. म्हणजे कायद्याची हरकत कधीच नव्हती.

हरकत आमच्या इन्स्ट्रक्टरची होती. त्याने निळं प्लॅस्टिकचं नकली पिस्तूल माझ्या डाव्या काखेत आडवं अडकवलं आणि स्वतः मागे जाऊन उभा राहिला. "आता नळी कुणाकडे आहे?" त्याच्या छातीकडे. मग काढायला लावलं. उजवा हात छातीवरून आडवा जातो आणि पिस्तूल बाहेर येताना नळी आपल्याच डाव्या दंडावरून फिरते. दंडातली मोठी रक्तवाहिनी तिथेच असते. म्हणून डावं कोपर आधी वर उचलायचं. त्यात मूठ पुढे आलेली असते, ती समोरच्या माणसालाही सहज पकडता येते. त्यामुळे बटणाचा पट्टा हवाच. नेमबाजीच्या सरावाच्या बऱ्याच रेंजवर काखेतून पिस्तूल काढू देत नाहीत, आमच्याही नाही. सराव घरी, रिकाम्या पिस्तुलाने.

आणि लोकांचं काय? ऑगस्टच्या उकाड्यात वर जॅकेट घालणार कोण? पट्टे, पिस्तूल, सगळं उघडं. पेट्रोल पंपावर एका आजोबांनी कौतुकाने चौकशी केली आणि त्याच वेळी पलीकडच्या बाईने मुलाला गाडीत बसवून दार लावून घेतलं. एका दुकानात मॅनेजरने नम्रपणे बाहेर जायला सांगितलं. दारावर ३०.०७ ची, म्हणजे उघड पिस्तूल घेऊन आत येऊ नये अशी पाटी नव्हती, पण तोंडी सांगितलं तरी ते बंधनकारक असतं, निघालो. बायकोचं म्हणणं याहून नेमकं: "तू लेकाच्या बुटाची नाडी बांधायला वाकतोस ना, तेव्हा ते बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर येतं."

मला सगळ्यात जास्त खटकली ती वेगळीच गोष्ट. शर्टाच्या वरच्या खिशातून फोन काढायला हात नेला, की बघणाऱ्याला मी पिस्तूलच काढतोय असं वाटतं. हालचाल तीच आहे ना! पोलिसाने गाडी थांबवली तर तो डाव्या खिडकीशी उभा राहतो, म्हणजे पिस्तुलाच्याच बाजूला. सावळा, दाढीवाला माणूस छातीकडे हात नेतोय हे त्याने कसं घ्यावं, याची परीक्षा मला घ्यायची नाही.

म्हणून ते होल्स्टर आता फक्त लांबच्या प्रवासात आणि वर सैल शर्ट घालून. शहरात कमरेचं छोटं, तेही झाकलेलं. वरचा खिसा कायम रिकामा, लायसन्स डॅशबोर्डवर. कुणी घेणार असेल तर आधी आपल्या रेंजला फोन करून नियम विचारा, आणि आडव्याऐवजी नळी खाली राहणारं उभं होल्स्टर एकदा घालून बघा.